होपबा

बोटीच्या ढुंगणावर पाच अक्षरं होती, हातभर उंच,
रंगाच्या चार थरांखालून वर आलेली.
मी दारुखान्यातला काटा-कारकून, इंग्रजी सातवीपर्यंतचं,
जशी दिसली तशी वाचली: एच, ओ, पी, बी, ए.
होपबा.
म्हसोबा, खंडोबा, तसा होपबा.
गॅसकटर लावायच्या आधी इद्रिसनं नारळ फोडला
तोही त्याच्याच नावानं.

पंधरवड्यानं तुळसकर आले.
गिरणी बुडाल्यापासून रे रोडला छत्र्या दुरुस्त करणारे,
तरुणपणी युनियनच्या खर्चानं रशियन शिकलेले.
चष्मा पुसला, मान तिरकी केली, हसले.
"अरे, नोर्वा. त्यांचा एच म्हणजे न.
आणि हे बोटीचं नाव नव्हे, बोटीचं गाव."

कप्तानाच्या खोलीतली एक वही मी बसायला ठेवली होती,
स्टूल बुटकं पडायचं म्हणून.
रोज संध्याकाळी ते ती उघडायचे, मी चहा सांगायचो.

पुठ्ठ्याच्या आत कुणीतरी गाव लिहून ठेवलेलं:
आधी नुसतं नदीचं तोंड, आणि सील मारणारी दहाबारा घरं.
मग शिक्षा झालेली माणसं आणून ओतली.
त्यांनी लाकडाचा धक्का बांधला
आणि त्याच धक्क्यावरून लाकूड जाऊ लागलं.
बर्फ नसलेले दिवस: एकशे चार.
वर्षाचा संसार तेवढ्यात आत घ्यायचा, तेवढ्यात बाहेर काढायचा.

अडुसष्ट साल. उतरवलं:
पीठ, खिळे, कांदे, गायी दोन, पियानो एक (पाय मोडका).
चढवलं: फळ्या.
पुढं पानंच्या पानं फळ्या.
चौऱ्याहत्तरपासून माशांचे डबे,
कारखान्यात बायका चारशे, त्यांच्यासाठी रबरी बूट चारशे,
एकाच मापाचे.

"झिनाइदा पावलोव्ना, हिशेबनीस," तुळसकर सही वाचायचे,
"सात बघ तिचा. पोटात आडवी रेघ."
माझ्याही इंग्रजी सातला तेव्हापासून रेघ आहे.
शेठनं दोनदा विचारलं, हे काय नवीन.

ब्याण्णव साल. पगार: डबे.
महिना चाळीस डबे, मुलांमागे दहा जास्त.
तुळसकर तिथं थांबले.
काहीतरी म्हणणार होते, मग म्हणाले,
भजी मागव.

शेवटचं पान.
उतरवलं: काही नाही.
चढवलं: माणसं एक्केचाळीस, ट्रंका एकवीस,
शाळेची घंटा एक.
खाली सही, तोच सात.
प्रवाशांची यादी त्यांनी बोट ठेवून दोनदा वाचली.
झिनाइदा पावलोव्ना तीत नव्हती.

घंटा माझ्या काट्यावरून गेली होती, पहिल्याच आठवड्यात.
पितळ, साडेअकरा किलो, लोलक नाही.
भांडी बाजारचा माणूस टेम्पोत टाकून घेऊन गेला.
मी तिला वाजवूनही पाहिली नव्हती.

सत्तर दिवसांत बोट संपली.
दरवाजे भिवंडीच्या लॉजला, गाद्या वडाळ्याला,
पत्रा रोलिंग मिलला, तांबं रोख.
तुळसकर त्यानंतरच्या हिवाळ्यात गेले,
छत्र्या कुणाच्या कुणाच्या तशाच राहिल्या.

आता आमच्या गोदामांवर पोर्टाच्या नोटिसा चिकटल्यात.
इथं म्हणे बाग होणार,
समुद्र बघायला बाक ठेवणार.
इद्रिसचा मुलगा विचारतो, चाचा, काटा कुठं नेणार?
काटा जमिनीत गाडलेला आहे, मी सांगतो,
तो कुठं जात नाही.

होपबाचा एक तुकडा तेवढा विकला गेला नाही.
सकीनाबीच्या टपरीपुढच्या गटारावर टाकलाय,
त्यावर पी आणि बी, म्हणजे र आणि व,
पायांनी घासून चकचकीत झालेले.
उधाणाला पाणी वर येतं
तेव्हा ती गिऱ्हाइकांना ओरडून सांगते,
तिकडून नको, घसराल,
होपबावरून या.